एसटीचा खाकी शर्ट

यवतमाळकडची एक म्हातारी लेकाकडे टांझानियाला आली, तेव्हा तिच्या पिशवीत जवसाची चटणी, सरगुंडे आणि नवऱ्याचे दोन खाकी शर्ट होते. नवरा एसटीत ड्रायव्हर होता. तो गेला, पण त्याचे फुल बाह्यांचे सुती शर्ट कपाशीच्या वावरात तिच्या अंगावर राहिले. वेचणीच्या बाया लुगड्यावर असाच पुरुषी शर्ट चढवतात आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळतात. फुटलेल्या बोंडाची वाळकी टोकं हात ओरबाडतात, आणि ऊन काही कुणाची गय करत नाही.

लेकाला तो शर्ट लहानपणापासून सलायचा. शाळेच्या वाटेवर आई त्या वेषात दिसली की तो नजर चुकवायचा. आता तो दार-ए-सलामला मोठ्या हुद्द्यावर होता. सप्टेंबरचे कोरडे दिवस होते, दसऱ्याच्या वेचणीला अवकाश होता. त्यानं आईला तारांगिरेचं जंगल दाखवायचं ठरवलं.

"सफारीला जायचंय," तो म्हणाला.

"सफारी? तहसीलदार घालते तो कपडा?"

लेक हसला. "स्वाहिलीत सफारी म्हणजे प्रवास, आई."

"मंग तुहे बाबा तं रोजच सफारी करत."

लेकानं स्वतःसाठी अंगाला घट्ट बसणारा काळा टी-शर्ट आणि गडद निळी जीन्स घेतली. आईसाठी पातळ बिनबाह्यांचं निळं जाकीट आणलं. तिनं ते उन्हाकडे धरून पाहिलं, घडी घातली आणि सुनेच्या कपाटात ठेवून दिलं.

निघायच्या दिवशी ती बदामी लुगड्यावर खाकी शर्ट घालून उभी राहिली. लेक कुजबुजला, "निदान फोटोत तरी तो काढशील ना?"

ती काही बोलली नाही.

आधी ते अरुशा शहरात आले. तिथून तारांगिरे सव्वाशे किलोमीटरच्या आत. पहाटे छत उघडलेल्या जीपमध्ये वारा बोचत होता. म्हातारीच्या शर्टावर स्वेटर आणि स्वेटरवर शाल होती. ऊन चढलं तशी आधी शाल उतरली, मग स्वेटर. लेक पहाटे कुडकुडला आणि दहा वाजता घामानं निथळला. जाड जीन्स मांड्यांना चिकटली, उघडे दंड भाजू लागले. म्हातारीच्या सैल बाहीतून मात्र वारा खेळत होता. घाम येई आणि तिथंच वाळून जाई. लाल धूळ उडाली, ती खाकीवर दिसलीसुद्धा नाही. खाक म्हणजे धूळच. धुळीनंच नाव दिलेला रंग तो.

वाटाड्या तिला आदरानं "मामा" म्हणे. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, हे कळल्यावर ती पोट धरून हसली.

गोरखचिंचेच्या भल्यामोठ्या झाडांमधून जीप नदीकडे वळली. कोरड्या दिवसांत या भागातले हत्ती याच नदीच्या पाण्यावर येतात. दाट झुडपांतून जाताना एक माशी आत आली, मग चार, मग दहा. घरमाशीहून मोठ्या, पंख कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक मिटलेल्या. त्या थेट लेकावर तुटून पडल्या. टी-शर्टावरून, जीन्सवरून, जिथं कापड अंगाला ताणून बसलं होतं तिथं सुई टोचल्यागत चावू लागल्या. त्यानं अंगाला कीटक पळवणारं मलम चोपडलं होतं, पण माश्यांना त्याची फिकीर नव्हती. म्हातारीच्या शर्टावर एखादी बसे, इकडेतिकडे फिरे आणि उडून जाई.

तेवढ्यात तिला झाडाला टांगलेलं कापड दिसलं, अर्धं निळं, अर्धं काळं.

"इथं कोणं धुणं वाळू घातलं बाप्पा?"

लेकानं वाटाड्याला विचारलं. वाटाड्या म्हणाला, "ते माशीचं कापड आहे. त्सेत्से माशीला निळा आणि काळा रंग ओढतो. ती धावून येते, कापडावरच्या औषधानं मरते. हिच्या चाव्यातून कधी कधी निद्रारोग होतो, गुरंही आजारी पडतात. म्हणून जागोजागी लावलंय."

बोलता बोलता त्याची नजर लेकाच्या टी-शर्टावर गेली, तिथून जीन्सवर उतरली. तो सभ्यपणे बाहेरचे हत्ती पाहू लागला.

लेकानंही स्वतःकडे पाहिलं. वर काळं, खाली निळं. झाडावरच्या कापडाला निदान औषध तरी लावलेलं होतं.

म्हातारीनं पिशवीतून दुसरा शर्ट काढला, झटकला आणि त्याच्या हातात दिला. खिशावर बिल्ल्याची दोन भोकं होती. त्यानं निमूटपणे तो टी-शर्टावर चढवला, बाह्या मनगटापर्यंत ओढल्या, गुंड्या लावल्या. पायांवर आईची शाल पांघरली. शर्टाला साबणाचा आणि थोडा कपाशीचा वास होता. बाहीत अजून जागा होती. बापाचे दंड त्याच्याहून दणकट होते.

"तुला कसं कळलं गं? तू तर हे जंगल कधी पाह्यलंबी नाही," दार-ए-सलामचा साहेब पुन्हा गावचं बोलू लागला.

"जंगल नाई पाह्यलं, पण ऊन पाह्यलं ना. कपडे घेतानी आरशाले नाई, उन्हाले इचारा लागते, लेका."

दुपारी गोरखचिंचेखाली वाटाड्यानं दोघांचा फोटो काढला. मोबाइल उचलण्याआधी म्हातारीनं शर्टाच्या गुंडीला हात घातला.

"आता काढू काय रे हा?"

"राहू दे," लेक म्हणाला, आणि आपल्या शर्टाची कॉलर नीट करून तिच्या शेजारी उभा राहिला.