ताऱ्यांचे चुंबकत्व आणि त्यांचे पूर्वायुष्य

नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे ज्या नोंदींचा वारसा आहे, त्यांची सुरुवात एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली, आणि विजेच्या ट्रामगाड्यांमुळे मापनात बाधा येईल हे ओळखून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आले. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सौरडागांजवळ प्रखर ज्वाला दिसली. त्यापाठोपाठ कुलाब्याला पृथ्वीच्या क्षैतिज चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट नोंदली गेली. तिचे महत्त्व २००३ मध्ये याच संस्थेतील गुरबक्ष लखिना आणि शोभना ॲलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह जगापुढे मांडले.

सूर्याच्या या सामर्थ्यामागील कारण उलगडण्याची सुरुवात १९०८ मध्ये झाली, तेव्हा जॉर्ज हेल यांनी सौरडागांत प्रबळ चुंबकीय क्षेत्र असल्याचे सिद्ध केले. पुढे असे मानले जाऊ लागले की, ताऱ्याच्या बाह्य थरांतील तप्त वायूचे वर-खाली होणारे अभिसरण आणि ताऱ्याचे परिवलन यांच्या संयोगाने चुंबकीय क्षेत्र सतत निर्माण होत राहते. या यंत्रणेला डायनॅमो म्हणतात. हे क्षेत्र ताऱ्याच्या विरळ प्रभामंडलाला लक्षावधी अंशांपर्यंत तापवते आणि त्यातून क्ष-किरण बाहेर पडतात. १९७२ मध्ये अँड्र्यू स्कुमानिच यांनी दाखवले की, वयानुसार ताऱ्याचे परिवलन आणि सक्रियता दोन्ही मंदावतात. परिणामी तीव्र क्ष-किरण ही ताऱ्याच्या तारुण्याची खूण ठरली.

या समजुतीला विलीनीकरणाने छेद दिला. एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे एकरूप झाले की त्यांच्या कक्षेतील कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा साठा, नव्या ताऱ्याकडे जातो आणि म्हातारा तारा पुन्हा वेगाने फिरू लागतो. अवघ्या २.४ दिवसांत स्वतःभोवती फिरणारा एफके कोमी हा राक्षसी तारा असाच घडला असावा. २००२ मध्ये उफाळलेला व्ही८३८ मोनोसेरोटिस हाही विलीनीकरणाचा परिणाम असल्याचे मानून नोआम सोकर आणि रोमुआल्ड टायलेंडा यांनी २००७ मध्ये त्यातून क्ष-किरण निघतील असे भाकीत केले. २००८ मध्ये त्या दिशेने क्ष-किरण आढळलेही; मात्र ते चुंबकीय सक्रियतेतून निघाले की उत्सर्जित द्रव्य आणि सोबतचा आणखी एक तारा यांच्या आघातातून, हे तेव्हा निश्चित झाले नाही.

अतिवजनी ताऱ्यांच्या बाह्य थरांत सूर्यासारखे अभिसरण नसते, म्हणून त्यांच्या चुंबकत्वाचे कोडे निराळे होते. ज्येष्ठा ताऱ्याजवळच्या टाऊ स्कॉर्पी या अशाच ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र २००६ मध्ये मोजले गेले. दोन ताऱ्यांच्या विलीनीकरणातील घुसळणीतून असे क्षेत्र निर्माण होऊन टिकू शकते, हे २०१९ मध्ये फाबियान श्नायडर आणि सहकाऱ्यांनी संगणकीय प्रतिरूपाने दाखवले.

चुंबकत्वाला ताऱ्याच्या वयाचा पुरावा मानणारा विचार अशा रीतीने ताऱ्याच्या इतिहासाकडे वळला. म्हणूनच क्ष-किरणांवरून ताऱ्याला तरुण ठरवण्यापूर्वी तो मुळात एकच होता की दोन, हे तपासणे अभ्यासकांसाठी अनिवार्य आहे.