राइट कॅशचे सत्य

डिस्क अ‍ॅरेला माहिती पाठवणारा सर्व्हर ‘झाले’ या उत्तरासाठी खोळंबलेला असतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी हवी ती जागा हेडखाली आणायला सरासरी ४ मिलिसेकंद घेते. हेड सरकण्याचा वेळ वेगळा. रेड-५मध्ये तर छोट्या बदलासाठीही जुनी माहिती व जुनी पॅरिटी वाचून दोन्ही नव्याने लिहावी लागतात. म्हणून राइट-बॅक कॅश माहिती मेमरीत घेते, लगेच ‘झाले’ कळवते आणि मग शेजारचे ब्लॉक एकत्र करून सवडीने डिस्कवर उतरवते. तबकडीवर काहीच नसताना दिलेले हे उत्तर खरे की खोटे?

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी आयटी पार्कमधल्या अभियंत्यापुढे हा प्रश्न भरवशाचा म्हणून येईल; योगसूत्रांच्या अभ्यासकाला तो ओळखीचा वाटेल. साधनपादातल्या ३०व्या सूत्रावरच्या व्यासभाष्यात सत्याची कसोटी शब्द वस्तुस्थितीशी जुळण्यावर थांबत नाही. वाणी आपले ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी असते. ती फसवी, भ्रमातून आलेली किंवा ऐकणाऱ्याला बोध न देणारी असू नये. फसव्या वाणीसाठी वाचस्पती मिश्रांनी युधिष्ठिराचे उदाहरण घेतले. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला हे खरेच होते; आपला मुलगा अश्वत्थामा मेला असे द्रोणांना जे कळले ते खोटे होते.

माहिती कुठे ठेवली याच्याशी सर्व्हरला कर्तव्य नसते. वीज गेली तरी ती परत मिळेल का, एवढेच त्याला हवे असते. कॅशची प्रत अ‍ॅरेच्या दोन्ही कंट्रोलरांत असेल आणि बॅटरीच्या बळावर ती टिकेल किंवा फ्लॅशवर उतरवता येईल, तर ‘झाले’ खरे ठरते. असा आधार नसताना तेच म्हणणे, किंवा फ्लशचा, म्हणजे कॅश डिस्कवर उतरवण्याचा, आदेश पाळल्याचे भासवणे, ही युधिष्ठिराची वाट.

भ्रमाचा दोष जास्त अवघड, कारण त्यात लबाडी नसते. बॅटरी काळाबरोबर क्षीण होते. ती न तपासणारा कंट्रोलर प्रामाणिकपणे चुकीचे बोलतो. म्हणून बॅटरी कमी पडली किंवा जोडीचा कंट्रोलर बंद पडला, की चांगला अ‍ॅरे राइट-थ्रूवर येतो आणि डिस्कवर लिहिल्याशिवाय होकार देत नाही. वेग घसरतो, तक्रारी सुरू होतात. बऱ्याच कंट्रोलरांत तरीही राइट-बॅक सक्तीने चालू ठेवायची सोय असते. ती वापरल्यावर दोष यंत्राचा उरत नाही.

दोन्ही कंट्रोलर एकदम जळाले तर? तबकडीवर लिहिलेलेही आगीत जाते. निरपेक्ष हमी कुठेच नाही. इथे भाष्यातली बोधाची अट महत्त्वाची ठरते: कोणते अपघात सोसता येतील आणि कोणते नाहीत, हे ऐकणाऱ्याला आधी कळायला हवे. माहितीपत्रकात नुसता वेग छापून ही मर्यादा गाळणाऱ्या अ‍ॅरेचे ‘झाले’ या कसोटीवर अपुरेच आहे.