ठावठिकाणा कोणाचा?

अनोळखी मुलखात मुसाफिराला वाट सापडावी, ही आपल्या परंपरेने नेहमीच मोठी नेमत मानली आहे. किब्ल्याची दिशा ठरवण्यासाठी मुस्लिम ज्योतिर्विदांनी शतकानुशतके गणिते मांडली. अल-बिरूनीने अकराव्या शतकात स्थाननिश्चितीवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गझनीहून किब्ला नेमका कोणत्या दिशेला आहे हे काढणे, हा त्यामागचा एक हेतू होता. आज तेच काम खिशातला फोन क्षणात करतो. तेव्हा उपग्रहांच्या मदतीने जागा ओळखण्याच्या या तंत्राकडे आपण वाकड्या नजरेने पाहण्याचे काही कारण नाही. आमचा प्रश्न निराळा आहे आणि तो समजण्यासाठी हे यंत्र काय करते ते थोडे पाहावे लागेल.

जी.पी.एस.चे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते. उपग्रह सतत सांगत असतो ते मुख्यतः स्वतःविषयीच: आता किती वाजले आणि मी कोठे आहे. गाडीतला रिसीव्हर हे ऐकतो आणि संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. खरे तर तीन उपग्रह पुरायला हवेत. परंतु रिसीव्हरचे घड्याळ स्वस्तातले असते. ते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने जरी चुकले तरी अंतरात ३०० मीटरची चूक पडते. म्हणून चौथा उपग्रह लागतो. त्याच्या आधारे रिसीव्हर आपल्याच घड्याळाची चूक शोधून दुरुस्त करतो. स्वतःची चूक धरूनच हिशेब मांडणारे हे यंत्र आम्हाला फार आवडते, हे जाता जाता सांगून टाकतो.

या साऱ्या व्यवहारात रिसीव्हर स्वतः एक शब्द बोलत नाही. रेडिओवर बातम्या कोण ऐकतो आहे हे आकाशवाणी केंद्राला कळत नाही, तसेच उपग्रहालाही आपण ठाऊक नसतो. १९८३ साली वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ माणसे मेली. त्यानंतर अमेरिकेने ही लष्करी व्यवस्था सर्वांसाठी खुली करण्याचे जाहीर केले. मे २००० पर्यंत नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे. तीही काढून टाकण्यात आली. इथपर्यंत ठावठिकाण्याचे ज्ञान ज्याचे त्याच्यापाशीच राहत होते.

बदल झाला तो रिसीव्हरला मोबाइलचे सिम जोडले गेले तेव्हा. ऐकणारे यंत्र बोलू लागले. आपण कोठे आहोत हे आपल्याला कळायच्या आधी ते दूरच्या कुठल्या तरी पडद्यावर उमटू लागले.

याची गरज नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतील एका तरुणीवर तिला नेण्यासाठी आलेल्या कॅबच्या चालकाने साथीदारासह बलात्कार करून तिचा खून केला. २०१२ साली दिल्लीतल्या चालत्या बसमध्ये जे घडले ते देश विसरलेला नाही. पुढे केंद्र सरकारने नियम केला आणि १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या टॅक्सी, बस अशा सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थान कळवणारे यंत्र व संकटकाळी दाबायचे बटण बंधनकारक झाले. रिक्षांना त्यातून वगळले. ज्यांच्या मुली रात्री कामावरून परततात, त्यांना या नियमाचे मोल समजावून सांगावे लागणार नाही.

परंतु माणूस कोठे आहे हे सांगणारे यंत्र तो तेथे का आहे हे सांगू शकत नाही. नियत त्याच्या कक्षेबाहेरची आहे. शिवाय ‘कोठे’ हे उत्तरही वाटते तितके पक्के नसते. उंच इमारतींमध्ये संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात आणि रिसीव्हर फसतो. मग गाडीतली प्रणाली हिशेबात निघालेला ठिपका ओढून जवळच्या रस्त्यावर बसवते. वाट दाखवण्यापुरती ही सोय उत्तम आहे. पण तोच ठिपका उद्या साक्षीदार म्हणून उभा केला, तर अंदाजाला शहादतीचा दर्जा मिळतो. अमुक माणूस अमुक मोहल्ल्यात, अमुक मशिदीसमोर इतकी मिनिटे थांबला होता, एवढ्या वाक्यावर त्याच्याविषयी काय काय रचले जाऊ शकते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

कॅलिफोर्नियात २०१० साली एका तरुण मुस्लिम विद्यार्थ्याच्या मोटारीचे ऑइल बदलताना गाडीखाली एक यंत्र सापडले. थोड्याच दिवसांत एफ.बी.आय.चे अधिकारी ते परत मागायला त्याच्या दारी आले. २०२० साली तर नमाजाच्या वेळा आणि किब्ला दाखवणाऱ्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या एका ॲपमधून वापरणाऱ्यांचा ठावठिकाणा दलाल कंपनीकडे जात होता आणि त्या दलालाच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते, असे उघड झाले. बातमी येताच ॲपच्या कंपनीने त्या दलालाशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. किब्ला विचारायला गेलेल्या माणसाचा पत्ता विकला जावा, याहून मोठी अमानतीतली खयानत ती कोणती?

सूरह हुजुरातच्या १२व्या आयतीत तीन गोष्टींची मनाई लागोपाठ येते: बदगुमानी, मग तजस्सुस म्हणजे पाळत, आणि मग गीबत. आम्हाला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी संशय येतो, संशयापोटी पाळत ठेवली जाते आणि पाळतीतून मिळालेले तिसऱ्याच्या कानावर जाते. वरच्या दोन्ही घटना या क्रमात सहज बसतात.

हजरत उमर यांच्याविषयी एक रिवायत सांगितली जाते. रात्रीच्या गस्तीत एका घरातून गाण्याचा आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत उतरले. आतला माणूस गुन्हेगार होताच. पण तो म्हणाला, अमीरुल मोमिनीन, माझ्याकडून एक गुनाह झाला असेल, आपल्याकडून तीन झाले. आपण पाळत ठेवलीत, दार सोडून भिंतीवरून आलात आणि सलाम न करता घरात शिरलात. खलिफांनी ते मान्य केले आणि ते परत गेले. ही कथा आपल्या वाझांतून राज्यकर्त्यांच्या इन्साफाचा दाखला म्हणून ऐकवली जाते. ती आपल्या घरांनाही लागू आहे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते.

कारण हे यंत्र आता सरकारपुरते राहिलेले नाही. लेकीच्या स्कूटीत ते गुपचूप बसवणारे वडील, बायकोच्या फोनवर नजर ठेवणारे नवरे आपल्यात आहेत. सरकारने पाळत ठेवली तर आपण बैठका घेतो, निवेदने देतो. घरातल्या पाळतीला ‘काळजी’ म्हणतो. आपल्या समाजातली कितीतरी मुले ट्रक-टेम्पोवर राबतात आणि गाड्यांचे मालकही पुष्कळदा आपल्यातलेच असतात. महामार्गावर गाडी वीस मिनिटे उभी दिसली की मालकाचा फोन जातो: का थांबलास? टायर बसला असेल, डोळा लागत असेल, असरची वेळ झाली असेल. चालकाला उत्तर द्यावेच लागते. गाडी मालकाची आहे, हे खरे. चालकाची ती वीस मिनिटे कोणाची, हे मात्र नोकरीवर ठेवताना कोणी ठरवलेले नसते.

यंत्र काढून टाका, असे आमचे म्हणणे नाही. दारातून या आणि सलाम करा, एवढेच मागणे आहे. यंत्र बसवले आहे हे मुलीला माहीत असावे, ते बंद करण्याची कळ तिच्या हाती असावी. चालकाला त्याच्या नोंदी केव्हाही पाहता याव्यात आणि महिना सरला की त्या पुसल्या जाव्यात. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंमली पदार्थांच्या खटल्यातील एका नायजेरियन आरोपीच्या जामिनावरची, मोबाइलच्या नकाशावर आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला दाखवत राहण्याची अट रद्द केली. आरोपीच्या खाजगी जीवनात असे सतत डोकावता येणार नाही, असे न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी ठरवले. त्या माणसावर खटला तरी होता. आपल्या लेकीवर आणि चालकावर तोही नाही.