करुणेचा भार कुणाचा?

भातकुली तालुक्यातला अत्यवस्थ रुग्ण अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या इर्विनमध्ये हलवला जातो. त्याला सलाइन लावणारी, नातेवाइकांना धीर देणारी सिस्टर मागे राहते. तो वाचला की गेला, हे तिला अनेकदा कळतही नाही. अशी वर्षे गेली की तिचे मन कोरडे पडल्यासारखे होते. परिचारिकांच्या या अवस्थेला कार्ला जॉइन्सन यांनी १९९२ मध्ये ‘करुणेचा थकवा’ म्हटले. पुढे बेथ हडनॉल स्टॅम यांनी ३० प्रश्नांची मोजपट्टी केली. तिच्यात सेवेचे समाधान आणि सेवेचा शीण वेगवेगळे मोजतात, कारण एकाच परिचारिकेत दोन्ही एकाच वेळी नांदू शकतात. धर्मापुढचा प्रश्न इथेच उभा राहतो. करुणा अमर्याद आहे असे सगळे संत सांगत आले, मग थकलेल्या सिस्टरची करुणा खोटी म्हणायची का? माझे उत्तर ठामपणे नाही असे आहे. तिला थकवते ती दया असूनही हात बांधलेले असण्याची स्थिती.

करुणा आणि थकवणारे दुःख यांतला भेद बौद्ध परंपरेने फार पूर्वी ओळखला. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला. त्यात क्रौर्य हा करुणेचा दूरचा शत्रू आहे आणि शोक हा जवळचा. शोक करुणेसारखाच दिसतो, म्हणून तो अधिक फसवा. मेंदूच्या अभ्यासक तान्या सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोगही याच दिशेने जातात. दुसऱ्याचे दुःख स्वतःत भोगण्याचा सराव केलेल्यांचा त्रास वाढला, तर त्याच्या भल्याची आस धरण्याचा सराव केल्यावर मन सावरले. मात्र भल्याची आस टिकायची तर भले करण्याची सोय हवी. एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड सोपवला, तर तिची आस शोकातच बुडणार.

गाडगेबाबांनी ही सोय उभी करण्यालाच धर्म मानले. भातकुली तालुक्यातल्याच ऋणमोचनला, पूर्णेच्या काठी यात्रेकरूंचे हाल पाहून ते हळहळत बसले नाहीत. त्यांनी घाट बांधून घेतला. पुढे धर्मशाळा आणि सदावर्ते उभी राहिली. दयेला दगड, चुना आणि माणसांचे हात मिळाले, म्हणून ती एका माणसाच्या छातीवर ओझे होऊन राहिली नाही. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीत तपोवन उभारले. तिथे कुष्ठरुग्णांच्या हाताला काम मिळाले, आणि रुग्ण पायावर उभा राहिलेला दिसणे हे सेवकाचे मोठे समाधान असते.

यावर कुणी म्हणेल, गाडगेबाबांनी काय कमी सोसले? सेवेत सुखसोयी मागायच्या नसतात. पण बाबा घरदार सोडून निघाले होते. सिस्टर रात्रपाळी संपवून स्वतःच्या लेकरांकडे आणि आजारी सासूकडे जाते. विरक्ताचे माप संसारी बाईला लावणे अन्यायाचे आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शोकापासून दूर राहा असे सांगणे म्हणजे कोरडेपणा शिकवणे नव्हे काय? तसे नाही. कोरडे मन रुग्णाकडे पाठ फिरवते, समचित्त मन त्याच्या उशाशी बसू शकते. तिसरा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. मनाच्या साधनेची भाषा शासनाला पळवाट देऊ शकते. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. तो पाळला जात नसेल, तर ध्यानाचे वर्ग भरवणे ही फसवणूक ठरेल.

म्हणून करुणेचे कर्तव्य आधी आपले आहे. रिक्त पदे भरली गेली पाहिजेत. दुसरीकडे पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, ते गावच्या सिस्टरपर्यंत पोचवण्याची पद्धत हवी. मृत्यू झाल्यावर संतापाने तिच्या अंगावर धावून जाणेही थांबले पाहिजे. सेवा घेणाऱ्या समाजाने एवढे केले नाही, तर सिस्टरकडून देवपणाची अपेक्षा ठेवण्याचा अधिकार त्याला उरत नाही.