फुकट वाचनाचा हिशेब

जयपूरच्या चौड्या रस्त्यावर पुस्तकांची दुकाने ओळीने उभी आहेत; पण तेथे मराठी कादंबरी मागून पाहावी, म्हणजे आपण परमुलखात आहोत याची जाणीव होते. अशा वेळी एखाद्या स्नेह्याने अख्ख्या कादंबरीची नक्कल मोबाइलवर फुकट धाडली, तर ती वाचण्यात दोष तो कसला, असे आपणांपैकी पुष्कळांना वाटते. कचेरीतील टाचणीदेखील घरी न नेणारा अधिकारी येथे मात्र थबकत नाही.

ही सवलत आपण विशेषतः प्रणयकथेच्या बाबतीत घेतो. कोशाला मोल द्यावे. पण हल्ली आपल्या मुली आवडीने वाचतात त्या हॉकीपटू नायकांच्या इंग्रजी प्रेमकथांना, किंवा आजीआजोबांच्या पिढीने डोक्यावर घेतलेल्या ना. सी. फडक्यांना, ते कशाला? परंतु करमणूक हलकी असली म्हणून ती निर्माण करणाऱ्याचे श्रम हलके ठरत नाहीत.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९५७ च्या कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे राखला होता. १९९२ मध्ये ती मुदत साठ वर्षे झाली. १९१९ साली वारलेल्या हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या आज सर्वांना मोकळ्या आहेत. फडके १९७८ साली निवर्तले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या कादंबऱ्यांवरील हक्क २०३८ अखेरपर्यंत अबाधित आहे.

जुनी प्रत विकत घेणे अथवा ग्रंथालयातून आणणे सर्वस्वी कायदेशीर आहे. मात्र जुन्या प्रतीच्या विक्रीतून लेखकाच्या पदरी काही पडत नाही. तेव्हा कायदा पाळणे आणि लेखकाला आधार देणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली कर्तव्याची, दुसरी कृतज्ञतेची.

“पुस्तक येथे मिळतच नाही,” ही सबबही आता टिकणारी नाही. टपालाने पुस्तके येतात, अनेक पुस्तकांच्या इलेक्ट्रॉनिक आवृत्त्याही विकत मिळतात. आणि नियमित वेतन घेणाऱ्याने दारिद्र्याचे कारण सांगू नये. एका प्रतीच्या शंभर चोरट्या नकला फिरल्या, तरी प्रकाशकाच्या वहीत वाचक एकच नोंदला जातो. पुढची आवृत्ती काढावी की नाही, हे तो त्या वहीवरून ठरवतो. मराठीबाहेर ज्याला वाचक नाही, त्या लेखकाने मग कोणाकडे पाहावे? ग्रंथालयातील जी कादंबरी मनापासून आवडली, तिची एक नवी प्रत विकत घेऊन कोणाला भेट द्यावी, एवढे तरी आपल्या हातून व्हावे.