गोष्टीतला कळवळा आणि घरातली जागा

जून महिना समलिंगी व पारलिंगी व्यक्तींच्या स्वाभिमानाचा महिना म्हणून आता अनेक देशांत पाळला जातो. १९६९ च्या जूनअखेरीस न्यूयॉर्कमधील स्टोनवॉल इन या मद्यगृहावर पोलिसांनी धाड घातली व तेथील लोकांनी तिचा प्रतिकार केला, त्याचे हे स्मरण होय. या निमित्ताने ह्या विषयावरील पुस्तके, चित्रपट आणि मालिका यांच्या शिफारशी केल्या जातात. आपल्या वाचकांस आम्हीही काही कलाकृती सुचविणार आहोत. परंतु त्या सुचविताना एक नैतिक प्रश्न आम्हांस टाळता येत नाही. अशी गोष्ट वाचून वा पाहून आपले डोळे पाणावतात, तेव्हा आपण कोणास न्याय दिलेला असतो काय?

मराठीपुरते बोलायचे तर प्रारंभ विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’पासून करावा लागेल. १९८१ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात सुमित्रा ऊर्फ मित्रा ही तरुणी दुसऱ्या एका तरुणीवर प्रेम करते. तिचा स्नेही बापू आपल्याला ही कहाणी सांगतो. पण तिचा आधार असलेला हा बापूही शेवटी तिला पुरा पडत नाही. मित्रा आत्महत्या करते.

दुसरे उदाहरण कल्पित नाही. डॉ. रामचंद्र सिरस हे मूळचे नागपूरचे मराठी कवी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ मराठी शिकविले. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरे घेतलेली माणसे त्यांच्या घरात शिरली आणि पुढे त्यांना निलंबित करण्यात आले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला; त्यानंतर थोड्याच दिवसांत, ७ एप्रिल २०१० रोजी, ते राहत्या घरी मृतावस्थेत आढळले. हंसल मेहता यांनी २०१६ मध्ये ‘अलीगढ’ हा हिंदी चित्रपट त्यांच्यावर केला. मनोज बाजपेयींनी उभे केलेले सिरस संध्याकाळी खोलीत एकटेच लताबाईंची जुनी गाणी ऐकत बसतात. महाराष्ट्राबाहेर आयुष्य घालविलेल्या आपल्यासारख्यांना हा मराठीचा प्राध्यापक परका वाटण्याचे कारण नाही.

मित्राविषयी आणि सिरसांविषयी कळवळा वाटणे अवघड नाही. दोघेही आता आपल्याकडे काहीच मागणार नाहीत. शोकान्त गोष्टी खोट्या असतात असे आमचे म्हणणे नाही. त्या घडल्या म्हणूनच लिहिल्या गेल्या. परंतु केवळ अशाच गोष्टींची सवय झाली, की वाचकाच्या मनात नकळत एक अट तयार होते: तुम्ही दुःखी असाल, एकाकी असाल, शक्यतो मेलेले असाल, तर आम्ही तुम्हांस आपले म्हणू. ह्याला दया म्हणता येईल. न्याय म्हणता येणार नाही.

म्हणून पुढील शिफारस जिवंत माणसांच्या गोष्टींची. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत पुण्याच्या जोशी कुटुंबातील तनय आणि अनुजा ही भावंडे घरी भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. तो निघून जातो. मुलीचे दुःख घराला दिसते, भले ते बदनामी म्हणून दिसो. मुलाचे दुःख कोणास दिसतच नाही. एका छपराखाली एकच हानी झालेली दोन माणसे. त्यांपैकी एकालाच रडण्याची मुभा. कोणी कोणाला मारीत नाही, घराबाहेर काढीत नाही; तरीही अन्याय होतो, आणि तो सभ्य माणसांच्या हातून होतो.

त्याची दुसरी बाजू ‘माय ब्रदर निखिल’मध्ये (२००५) पाहावी. ओनीर दिग्दर्शित हा चित्रपट गोव्यात घडतो. एचआयव्हीची बाधा झालेल्या निखिलकडे आईवडील पाठ फिरवितात. बहीण आणि त्याचा जोडीदार मात्र त्याच्यापाशी राहतात. चित्रपटाच्या नावात निखिलच्या आजाराचा किंवा लैंगिकतेचा उल्लेख नाही. नाते तेवढे आहे.

यावर ज्येष्ठांचा एक आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे: ‘हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न, त्याची चर्चा कशासाठी?’ यामागील मर्यादेची जाण आम्हांस मान्य आहे. मात्र मुलगा पंचविशीचा झाला, की त्याच्या विवाहाचा प्रश्न आपल्याकडे कधीच खासगी राहत नाही. परप्रांतात मराठी घरे मोजकी, स्थळे त्याहून मोजकी. प्रत्येक कार्यात त्याची चौकशी होते. अखेरीस तो गप्प बसून बोहल्यावर चढतो आणि काहीच ठाऊक नसलेल्या एका मुलीचे आयुष्यही त्या मौनात गुंतते. २०२२ मधील ‘बधाई दो’ या हिंदी चित्रपटातील नायक-नायिका निदान परस्परांस सत्य सांगून लग्न करतात. पण घरच्यांच्या समाधानासाठी सोंग करणे किती थकविणारे असते, ते त्यांच्याकडे पाहून कळते. तेव्हा मौन बाळगल्याने कोणाचेच नुकसान होत नाही, हे खरे नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांच्या स्वतंत्र ओळखीस मान्यता दिली. त्या खटल्याशी जोडलेल्या गौरी सावंत यांच्यावरील ‘ताली’ (२०२३) ही मालिका रवी जाधव यांनी केली आहे; पुण्याचे घर सुटलेल्या व्यक्तीची ही कथा आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निर्णय झाला. २०२३ मध्ये समलिंगी विवाहास मान्यता देण्यास मात्र त्याच न्यायालयाने नकार दिला. कायदा जिथवर येईल तिथवर येवो. जेवणाच्या पंगतीत पाट मांडण्याचे काम त्याचे नव्हे, ते घराचे आहे.

आपल्यापैकी अनेकांना शेजारच्या भाषाही अवगत आहेत. हैदराबादकरांनी इस्मत चुगताईंची ‘लिहाफ’ ही १९४२ ची उर्दू कथा वाचावी. बेळगावकरांनी वसुधेंद्र यांचा ‘मोहनस्वामी’ हा कन्नड कथासंग्रह वाचावा. आणि ही पुस्तके कपाटात मागे सारून ठेवू नयेत. चित्रपट घरातल्यांसमवेत पाहावेत. पडद्यावरील एखाद्या पात्राला आपण हसतो की त्याचे म्हणणे ऐकून घेतो, ह्याकडे कदाचित शेजारीच बसलेल्या एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे लक्ष असते. आपल्यापाशी बोलावे किंवा नाही, हे ते त्यावरूनच ठरवितात.