शनिवारचे मत, रविवारचे शुभवर्तमान



निवडणुकीचा निकाल लागला की आपल्याकडे काय होते ते आपण सारे जाणतो. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात घोळके जमतात. कुणी खुशीत असतो, कुणी हिरमुसलेला. हरलेला म्हणतो, लोकांना अक्कल नाही. जिंकलेला म्हणतो, लोकांनी बरोबर जागा दाखवली. पुढचे काही दिवस बोलणे तुटक होते. कधी कधी तर सख्ख्या भावांतही अबोला येतो. अशा वेळी ख्रिस्ती माणसाने कसे वागावे? आज या प्रश्नाचा विचार आपण एका दूरच्या देशाच्या उदाहरणावरून करू या. तो देश म्हणजे ऑस्ट्रेलिया.

ऑस्ट्रेलियाच का? एक तर तेथे हवामानबदलाचा प्रश्न थेट मतपेटीत उतरला. दुसरे म्हणजे, तेथील कोळसा आपल्या देशात येऊन जळतो आणि आपली माणसे तेथे जाऊन राहतात. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले सुमारे ६ लाख ७३ हजार लोक तेथे होते. तिसरे कारण मात्र खास आपल्यासाठी आहे. त्या देशात राष्ट्रीय निवडणुकीचे मतदान शनिवारी होते. मत देणे १९२४ पासून सक्तीचे आहे. मतदान केंद्रे पुष्कळदा शाळांत आणि चर्चच्या सभागृहांत असतात. बाहेर शेगडीवर सॉसेज भाजून पावात घालून विकतात आणि ते पैसे शाळेच्या किंवा धर्मग्रामाच्या कामी लावतात. निकालाचा कल बहुधा रात्रीच कळतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी, रविवारी, जिंकलेला आणि हरलेला एकाच बाकावर बसून शुभवर्तमान ऐकतात! अशा तीन रविवारी ख्रिस्तसभेने कोणते शुभवर्तमान वाचले ते पाहू या.

पहिला रविवार : १९ मे २०१९

आदल्या दिवशीच्या निवडणुकीत मजूर पक्षाने २०३० पर्यंत कर्बवायूंचे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करण्याचे वचन दिले होते. सत्ताधारी आघाडीचे लक्ष्य २६ ते २८ टक्क्यांचे होते. सारे जनमत अंदाज मजूर पक्षाच्या बाजूने होते, पण जिंकले ते पंतप्रधान स्कॉट मॉरिसन. क्वीन्सलँड या कोळशाच्या राज्यात ३० पैकी २३ जागा त्यांच्या आघाडीला मिळाल्या. तेथे अदानी समूहाच्या कारमायकेल खाणीचा वाद पेटला होता. निवडणुकीच्या तोंडावर दक्षिणेकडून पर्यावरणवाद्यांच्या मोटारींचा ताफा खाणीविरुद्ध घोषणा देत थेट क्लेरमाँट या खाणपट्ट्यातील गावापर्यंत गेला होता. निकालानंतर काही जण संतापून म्हणू लागले की, क्वीन्सलँडला देशातून काढूनच टाका!

त्या रविवारचे शुभवर्तमान होते योहान १३ मधले. शेवटच्या भोजनाच्या वेळी यहुदा बाहेर निघून जातो आणि प्रभू शिष्यांना एकमेकांवर प्रेम करण्याची नवी आज्ञा देतो. ही आज्ञा कोणत्या रात्री दिली गेली ते लक्षात घ्या. एकाने विश्वासघात केला होता, दुसरा पहाटेपूर्वी नाकारणार होता. आपल्यासारखाच विचार करणाऱ्यांवर प्रेम करा, एवढेच सांगायचे असते तर नव्या आज्ञेची गरजच काय होती?

त्या खाणकामगाराचा प्रश्न साधा होता : खाण बंद झाली तर घराचा हप्ता कोण भरणार, मुलांनी काय खायचे? दुष्काळाने होरपळलेल्या शेतकऱ्याचाही प्रश्न साधा होता : पाऊसच पडला नाही तर आम्ही काय खायचे? दोघांची भूक खरी होती. पण एकाची भूक दुसऱ्याला खोटी वाटू लागली.

त्याच रात्री सिडनीतील वॉरिंगा मतदारसंघात उलटे घडले. १९९४ पासून तेथे निवडून येणारे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांना झाली स्टेगल या अपक्ष उमेदवाराने हरवले. त्या हवामानाचा मुद्दा घेऊन उभ्या होत्या. ॲबट यांनी तरुणपणी काही काळ सेमिनरीत धर्मगुरू होण्याचे शिक्षण घेतले होते. पराभव मान्य करताना ते जे बोलले त्याचा आशय असा : हवामानबदल जेथे नैतिक प्रश्न ठरतो तेथे आपला पक्ष अडचणीत येतो, आणि जेथे तो आर्थिक प्रश्न ठरतो तेथे आपले बरे चालते. बंधू-भगिनींनो, निरीक्षण अचूक आहे. पण श्रद्धावंताला अशी विभागणी करता येते का? कामगाराची भाकरी हा नैतिक प्रश्न नाही काय? आणि जमीन करपली तर अर्थव्यवस्था कशावर उभी राहणार? २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी धरतीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले, ते यासाठीच.

दुसरा रविवार : २२ मे २०२२

मधल्या काळात २०१९-२० चा भयानक वणवा येऊन गेला. त्यात ३३ माणसे दगावली, तीन हजारांहून अधिक घरे जळाली. २०२२ च्या आरंभी पूर्व किनाऱ्यावर मोठे पूर आले. २१ मेच्या मतदानात मजूर पक्षाचे अँथनी अल्बानीज जिंकले. शहरांतील सुखवस्तू मतदारसंघांतून हवामानाचा आग्रह धरणारे सहा नवे अपक्ष निवडून आले. त्याच वर्षी संसदेने कायदा केला : २०३० पर्यंत ४३ टक्के घट आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन.

त्या रविवारी योहान १४ वाचला गेला. प्रभू शिष्यांना आपली शांती देतो, पण जग देते तशी ती नव्हे. जगाची शांती म्हणजे हरलेल्याने गप्प बसणे. अशी शांती किती टिकते? याच देशात जुलै २०१२ मध्ये कार्बनवर दर टनामागे २३ डॉलरचा आकार लागू झाला होता. पुढच्या सरकारने तो जुलै २०१४ मध्ये रद्द केला. कायदा बहुमताने होतो, पण टिकतो तो मने जुळली तरच. शेजाऱ्याची समजूत पटलेली नसेल तर आज लावलेले रोप उद्या तोच उपटून टाकतो.

तिसरा रविवार : ४ मे २०२५

३ मे २०२५ च्या निवडणुकीत विरोधकांनी सात ठिकाणी अणुवीज केंद्रे उभारण्याची योजना मांडली होती. सरकारचा भर सौर आणि पवन ऊर्जेवर होता. मजूर पक्षाला १५० पैकी ९४ जागा मिळाल्या. विरोधी नेते पीटर डटन स्वतःच्या मतदारसंघातही हरले. त्यांना हरवणाऱ्या ॲली फ्रान्स यांचा तरुण मुलगा रक्ताच्या कर्करोगाने गेला होता. पराभवाच्या भाषणात डटन यांनी त्या मुलाची आठवण काढली आणि आज त्याला आईचा मोठा अभिमान वाटला असता, असे सांगितले. तिकडे विजयसभेत डटन यांचे नाव निघताच लोक हुर्यो करू लागले, तेव्हा अल्बानीज यांनी त्यांना थांबवले आणि या देशात आपण माणसांचा आदर राखतो, असे बजावले.

दुसऱ्या दिवशी योहान २१ वाचला गेला. तिबिर्याच्या सरोवराकाठी निखाऱ्यांवर मासे आणि भाकर. पेत्राने प्रभूला नाकारले होते तेही निखाऱ्यांपाशीच. पुनरुत्थित प्रभू त्याला तीनदा एकच विचारतो : प्रेम आहे का? आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवतो : माझी मेंढरे सांभाळ. विजयी सरकारलाही हीच कसोटी लागू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या सरकारने २०३५ पर्यंत ६२ ते ७० टक्के घट करण्याचे लक्ष्य जाहीर केले. त्याच महिन्यात नॉर्थ वेस्ट शेल्फ हा मोठा वायुप्रकल्प २०७० पर्यंत चालवण्याला अंतिम मंजुरीही दिली. म्हणून मत देऊन मतदाराचे काम संपत नाही. ज्याला निवडून दिले त्यालाही पुन्हा पुन्हा विचारत राहावे लागते.

आणि आपण?

हा केवळ परक्या देशाचा विषय नाही. कारमायकेल खाणीतून २०२१ मध्ये कोळसा निघू लागला. जमीन त्यांची, धूर सर्वांचा. १ जून २०२४ रोजी आपल्या लोकसभेच्या शेवटच्या टप्प्यात एकट्या उत्तर प्रदेशात ३३ निवडणूक कर्मचारी उष्म्याने मरण पावल्याचे तेथील मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले. आपण बोटाला शाई लावून घरी येतो. ती शाई लावणारी गरीब माणसे उन्हाने मेली. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन २०२१ मध्ये ग्लासगो येथे दिले आहे. ते पाळताना क्वीन्सलँडच्या कामगाराचा प्रश्न उद्या आपल्या चंद्रपूरच्या खाणकामगारापुढे उभा राहणार आहे. तेव्हा आपण त्याला हिणवणार की त्याच्या चुलीचा विचार करणार?

यासाठी आपण तीन गोष्टी करू या. मत मागायला येणाऱ्याला दोन प्रश्न एकत्र विचारू या : पाणी, झाडे, हवा यांचे काय करणार, आणि त्यासाठी ज्याचा रोजगार जाईल त्याचे काय करणार? निकालानंतर, वेगळे मत दिलेल्या एका तरी शेजाऱ्याकडे जाऊन कारण विचारू या आणि मध्ये न बोलता ऐकून घेऊ या. आणि निकाल काहीही लागो, आपल्या घरातली वीज, विहीर आणि वाडी सांभाळण्याचे काम चुकवू नये. वणवा मतांची मोजणी करून पेटत नाही. त्याने होरपळलेल्यांत दोन्ही बाजूंचे मतदार असतात.

हे प्रभू, आमच्या मताला विवेक दे, आमच्या विजयाला नम्रता दे आणि आमच्या पराभवाला कडवटपणापासून राख. तू निर्माण केलेली ही धरती आणि तिच्यावर राबणारा प्रत्येक हात आम्हांला सारखाच प्रिय होवो. आमेन.